एक शिट्टी, सगळ्यांचे घसे

नरसीच्या नामदेवाची शपथ घेऊन सांगतो, यातला शब्द न् शब्द खरा आहे. बरं, नामदेवाला मधे घेत नाही, देवाला उगीच कशाला अडकवा? बराचसा खरा आहे असं धरून चला. हिंगोलीतल्या एका खासगी वसतिगृहात मी मेस चालवतो. वर पोलीस भरतीची पोरं राहतात, खाली अभ्यासिका. जेवायला बसलं की पोरांची तोंडं सुटतात आणि उष्ट्या ताटांपेक्षा किश्श्यांचाच ढीग मोठा होतो!

इथले रेक्टर ढगे सर. महाकडक माणूस! सिगारेट ओढली की ट्रंक बाहेर. पोरीशी बोललं की ट्रंक बाहेर आणि बापाला फोन. अभ्यासिकेला त्यांनी दोन दारं पाडून घेतली. पोरांना रस्त्याकडून, पोरींना गल्लीतून. आत गेल्यावर खोली मात्र एकच!

*

आमच्या पोरांचा मैदानावरचा एक रिवाज होता. पळताना जो सगळ्यात पुढे, त्याच्या तोंडात शिट्टी. दुसऱ्यानं त्याला मागे टाकलं की शिट्टी दुसऱ्याच्या तोंडात. धुणं नाही, पुसणं नाही.

मी एकदा म्हटलं, "अरे, निदान विसळा तरी!"

गजानन म्हणून कुरुंद्याचं पोरगं होतं, हरणासारखं पळायचं. ते म्हणालं, "मामा, धुतली की तिची पावर जाते!"

पळून आल्यावर पाण्याची बाटलीही एकच, तोंड लावून. आणि गच्चीवर टाकीच्या मागे सिगारेटही एकच. पोलीस खात्यात एकी पाहिजे म्हणतात, ती इथं आधीच होती.

*

एका सकाळी गजानन उठलाच नाही. अंगात ताप, डोकं फुटून राहिलेलं, ओकाऱ्या, आणि मान काही केल्या पुढे वाकेना.

अशा वेळी वसतिगृहात सगळेच डॉक्टर! ढगे सर म्हणाले, "मोबाइल पाहून मान धरली." त्याच्या खोलीतला जोडीदार पांडुरंग म्हणाला, "उशी बदलली, म्हणून." मी तरी मागे कशाला राहू? म्हटलं, "पित्त आहे, लिंबूपाणी पाजा."

तेवढ्यात त्याच्या पायावर जांभळे ठिपके दिसले. मागून कोणीतरी बोललं, "ढेकणं चावली असतील."

सर असे भडकले! "माझ्या वसतिगृहात ढेकूण? दाखवतोच डॉक्टरला!" ढेकूण नाहीत हे सिद्ध करायला त्यांनी पोराला स्वतः उचलून रिक्षात घातलं. दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी ठिपके पाहिले, लगेच इंजेक्शन दिलं आणि ॲम्ब्युलन्सनं नांदेडला पाठवलं. म्हणाल्या, "थोडा उशीर झाला असता तर..."

लेकरू वेळेवर पोचलं ते सरांच्या अब्रूपायी!

*

दुपारी डॉक्टरीणबाई वसतिगृहात हजर. म्हणाल्या, "मेंदूच्या आवरणाला सूज आणणारा जंतू आहे. तुमच्या वयाच्या पोरापोरींच्या घशात गुपचूप राहतो, बहुतेकांना काही करत नाही. पण एखाद्याच्या रक्तात उतरला, तर दिवसभरात माणूस जातो."

पांडुरंगानं विचारलं, "म्हणजे ज्यानं दिला, तो ठणठणीत?"

"बहुतेक ठणठणीतच."

झालं! पोरांनी लगेच कोर्ट भरवलं. "तूच तो!" "मी काहून? तूच तोंड उघडं टाकून झोपतो!" मोबाइलच्या उजेडात एकमेकांचे घसे तपासणं सुरू. एक जण ओरडला, "सापडला! याच्या घशात लाल-लाल लटकून राहिलाय!"

बाई म्हणाल्या, "ती पडजीभ आहे. तुलाही आहे."

एवढ्यात गल्लीतला पुढारी डासांची धूर-मशीन घेऊन आला. बाई म्हणाल्या, "अहो, हे डासांनी होत नाही."

पुढारी म्हणाला, "आता आलीच आहे तर सोडू द्या ना मॅडम. फोटोवाला पण आलाय!"

*

धूर खाली बसल्यावर बाई मुद्द्यावर आल्या. "ज्यांनी गजाननचं उष्टं तोंडाला लावलं, जे त्याच्या खोलीत झोपले, ज्यांनी चुंबन घेतलं..."

सर जोरात खोकले.

"...त्या सगळ्यांनी गोळ्या घ्यायच्या. एक जरी सुटला, तरी पुढचा गजानन तोच असू शकतो."

एकही हात वर नाही! शिट्टी? "आमी आपापली वाजवतो." बाटली? "वरून पितो." सिगारेट? "कसली सिगारेट?"

बाई सरांकडे वळल्या. "सर, यांना जंतूचं भय नाही, तुमचं आहे."

शेवटी कारलं चावल्यासारखं तोंड करून सरांनी जाहीर केलं, "कोणाला कारण विचारणार नाही. ट्रंक बाहेर जाणार नाही."

आणि अशी रांग लागली! ब्रह्मचर्यावर भाषणं देणारे रांगेत, सिगारेटच्या वासानं ज्यांना मळमळायचं तेही रांगेत.

*

दुसऱ्या दिवशी सकाळी पांडुरंग बोंबलतच मोरीतून आला. "मामा, मी चाललो! लाल होऊन राहिली!" घरी फोनसुद्धा लावला, "बापू, माझी मोटारसायकल दादाला देऊ नका!"

या गोळ्यांनी लघवी नारिंगी होते, हे बाईंनी बजावलं होतं. तेव्हा हा धूर-मशीनसोबत सेल्फी काढून राहिला होता!

त्या दिवशी ढगे सर सारखे मुतारीपाशी घुटमळायचे. विचारलं तर म्हणायचे, "स्वच्छता पाहून राहिलो."

*

त्याच दुपारी गजानन शुद्धीवर आला. जीव वाचला! बाई त्याच्याशी फोनवर बोलल्या. पोरानं स्वतःचं काहीच विचारलं नाही. एवढंच म्हणालं, "अभ्यासिकेत सगळ्यांना गोळ्या दिल्या का?"

"अभ्यासिकेत कोण आहे रे?"

फोन बंद.

बाई गोळ्या घेऊन तशाच खाली अभ्यासिकेत आल्या. सरांना आता घोषणेची गोडी लागली होती. पोरींच्या दारात उभं राहून म्हणाले, "न घाबरता पुढे या! कोणाची पोरगी, कोणासाठी, मला घेणं नाही! कारण विचारणार नाही म्हणजे नाही!"

सगळ्यांनी माना पुस्तकात घातल्या. मग मागच्या बाकावरून एक पोरगी उठली. तोंडावरचा स्कार्फ काढत पुढे आली आणि बाईंपुढे हात केला. ढगे सरांची थोरली, वैशाली.

सर म्हणाले, "तू? तू काहून?"

"बाबा, कारण विचारायचं न्हाई, तुमीच म्हणलात ना."

बाईंनी गोळी तिच्या तळहातावर ठेवली. सर माठापाशी गेले, ग्लास भरला, अर्धा वाटेतच सांडला, उरलेला तिच्यापुढे धरला.

आता यात खोटं काय, तेही सांगून टाकतो. मी मेस चालवतो, हे खोटं. मला साधा चहासुद्धा करता येत नाही. कुरुंद्याला आमच्या घरी तो वैशालीच करते, सासरेबुवा ढगे सर आले की त्यांनाही.