सतराच्या जागी चार

तारीख — १९८८ सालच्या फेब्रुवारीतला दुसरा सोमवार, सकाळी साडेदहा. रक्कम — एकवीसशे रुपये. हजर माणसं — चार. माझे मेहुणे मधुकरराव, भोजराज मेकॅनिक, भोजराजचे वडील झिबलजी आणि मी. हे सगळं मला तेव्हाही पाठ होतं, आजही आहे. पण खरी गोष्ट आदल्या दिवशीची, रविवारची. तिथे हजर एकच माणूस होता, आणि त्याने ती आजवर कोणाला सांगितलेली नाही — बायकोला नाही, मुलीला नाही. तुम्हाला सांगतो आहे.

मी आयुष्यभर हिशेब तपासायचं काम केलं. दुसऱ्याच्या कागदावरची चूक मला लांबून दिसते. घरात, नातेवाइकांत, कुठे भाऊबंदांचं वाटप असलं की मला बोलावत. का? तर मी म्हणालो बारा, म्हणजे बाराच. या नावाची मला फार किंमत होती. किती होती, ते त्या सोमवारी कळलं.

मधुकररावांचं इतवारीत कापडाचं दुकान. दुकानाच्या वरची खोली रिकामी होती. तिथे टीव्ही मांडून व्हिडिओ गेम सुरू करायचा, अर्ध्या तासाचे पैसे घ्यायचे, असं त्यांच्या मनात आलं. एका नातलगाने अमेरिकेहून मशीन आणि बावीस कॅसेट पाठवल्या होत्या. ते मशीन इथल्या टीव्हीवर धड चित्रच दाखवेना. मग त्यांनी सिंगापूरहून येणाऱ्या एकाकडून दुसरं मागवलं. एकवीसशे पडले. त्याचं चित्र सुरेख. पण अमेरिकेच्या कॅसेट त्यात शिरत नव्हत्या. कॅसेटच्या कडेला वीज जोडणारे धातूचे बहात्तर दात होते आणि मशीनच्या खाचेत साठ. आतला खेळ त्याच जातीचा, दात तेवढे वेगळे. म्हणजे बावीस कॅसेट नुसत्या शोभेच्या.

इथे भोजराज आला. तांडापेठेतला विणकराचा मुलगा, तेव्हा सव्वीस-सत्तावीसचा. हातमागावर पोट भरत नाही म्हणून रेडिओ-टीव्हीच्या दुरुस्तीत शिरलेला. त्याने दोन्हीकडचे दात मोजले, कागदावर मांडले, आणि कोणता कोणाला भेटतो ते आठ दिवस बसून शोधून काढलं. मग एक जोड तयार केला — एका टोकाला अमेरिकेची कॅसेट बसेल, दुसरं टोक सिंगापूरच्या मशीनमध्ये जाईल, मध्ये साठ बारीक तारा; जास्तीचे बारा दात रिकामे. मी त्याला ते करताना पाहिलं आहे. त्यांच्या घरी मागावरचा जुना ताणा, म्हणजे उभं सूत, संपत आला, की नव्या ताण्याचं एकेक टोक जुन्याच्या एकेक टोकाला जोडत जातात. बोटांना राख लावतात, दोन सूत एकत्र घेतात, पीळ देतात. हजारो टोकं — एकही इकडचं तिकडे जात नाही. तो तारांचं काम तसंच करत होता. मधुकररावांनी त्याला शब्द दिला होता, की गुरुवारी खोली सुरू झाली की तो तिथे पगारी मेकॅनिक.

मशीनसोबत आलेला एलिमिनेटर — घरच्या विजेचे नऊ व्होल्ट करून मशीनला देणारा डबा — पहिल्याच दिवशी जळाला होता. भोजराजने इथलाच एक आणला. त्याच्यावर दोन बटणं होती. एक व्होल्टचं. दुसरं बारीक, सरकतं. ते सरकवलं की पिनेवरचं अधिक-उणे उलटं व्हायचं. मशीनला जसं हवं तसं ते ठेवून त्याने त्यावर चिकटपट्टी लावली आणि मला म्हणाला, "साहेब, हे तेवढं हलवू नका. बाकी मशीन तुमचंच हाय."

मला, कारण शनिवारी मशीन माझ्या घरी आलं होतं. बावीसही कॅसेट लावून पाहायच्या आणि कोणती चालते याची यादी करायची, हे काम मधुकररावांनी माझ्यावर टाकलं होतं. माझी मुलगी तेव्हा नऊ वर्षांची. ती खेळायची, मी यादीत खूण करायचो. रविवारी दुपारपर्यंत सतरा झाल्या. सतराच्या सतरा चालल्या.

जेवणानंतर मुलगी शेजारी गेली. मला क्रिकेटची कॉमेंट्री ऐकायची होती. रेडिओतले सेल संपलेले. एलिमिनेटरची पिन रेडिओत बसली, पण रेडिओ बोलेना. त्याला अधिक-उणे उलटं लागत होतं. मग मी — काय केलं असेल? चिकटपट्टी अलगद काढली, फाटू दिली नाही. बटण सरकवलं. रेडिओ सुरू झाला. दीड तास ऐकला.

चारच्या सुमाराला उरलेल्या पाच कॅसेट उरकाव्यात म्हणून पिन पुन्हा मशीनला लावली. लावण्याआधी मी पाहिलं — हे लक्षात घ्या, मी पाहिलं. व्होल्टचं बटण नऊवर होतं. नऊ म्हणजे नऊ. आकडा बरोबर होता आणि मी स्विच दाबला. आकड्याला दिशाही असते, हे माझ्यासारख्या माणसाच्या ध्यानात येऊ नये?

चट् असा आवाज झाला. झाकणाच्या फटीतून थोडा धूर आला. बस, इतकंच.

इथपर्यंत चूक होती. चूक कोणाचीही होते, आणि इथपर्यंतचंच सांगायचं असतं तर मी हे लिहायला बसलो नसतो. पुढचं मी शांतपणे केलं. खिडक्या उघडल्या. बटण सरकवून होतं तिथे आणलं. चिकटपट्टी त्याच जागी, त्याच रेषेवर लावली आणि नखाने दाबली. मुलगी परत आली, म्हणाली, "बाबा, वास कशाचा येऊन राहिला?" मी म्हणालो, बाहेर कोणीतरी टायर जाळलं असेल. ती खिडकीपाशी जाऊन पाहून आली. यादी घडी करून मी शर्टाच्या खिशात ठेवली.

सोमवारी दुकानाच्या वरच्या खोलीत मशीन टेबलावर ठेवलं आणि सांगितलं, कालपासून सुरू होत नाही. झिबलजी त्या दिवशी मुद्दाम आले होते. पोराने काय केलंय ते एकदा पाहायचं होतं त्यांना. धुतलेलं धोतर, काळी टोपी. दाराशीच उभे होते.

भोजराजने झाकण उघडलं. आत एक भाग काळा पडलेला. मधुकरराव म्हणाले, "काहून गा भोजराज? एकवीसशेची राख करून ठेवली ना तू!"

त्याने पिशवीतून मीटर काढला आणि सगळ्यांत आधी एलिमिनेटर तपासला. त्याने चिकटपट्टीवरून बोट फिरवलं. मीटरचा काटा सरळ उजवीकडे नऊवर गेला आणि थांबला. उलटं असतं तर डावीकडे आपटला असता, हे मला मागाहून समजलं. तो स्वतःच म्हणाला, "एलिमिनेटर तर बरोबर हाय, शेठ."

मग मधुकरराव माझ्याकडे वळले. "जवाईबापू, तुम्ही सांगा. किती कॅसेट चालल्या होत्या?"

खिशात कागद होता. त्यावर सतरा खुणा होत्या. सतरा कॅसेट ज्या जोडावर चालल्या, त्या जोडात खोट नव्हती, हे कोणालाही कळलं असतं. मला फक्त एक आकडा सांगायचा होता, आणि आकडे सांगण्यातच माझं आयुष्य गेलं होतं.

मी म्हणालो, "चार. मग अडखळायला लागलं."

आणि मला वाटतं तेवढं पुरेसं होतं. तरी मी पुढे म्हणालो, की साठ तारा हाताने जोडलेल्या, त्यातली एखादी — हे वाक्य मी पुरं केलं नाही. ते पुरं करायची गरज पडणार नाही हे मला ठाऊक होतं.

दारातून झिबलजी म्हणाले, "माह्या पोरानं जोडलेलं सुटत नाही, साहेब. लहानपणापासून पाहून राहिलो मी." ते मधुकररावांशी नव्हते बोलत. माझ्याकडे पाहून बोलत होते. निवाडा माझ्या हाती आहे असं त्यांना वाटलं असेल. मी टेबलाकडे पाहिलं.

"हे लुगडं नाही, बुढेबा," मधुकरराव म्हणाले.

भोजराज जमिनीवर मांडी घालून बसला. जोड मांडीवर घेतला आणि एकेक तार मीटरने तपासू लागला. काटा हलला की पुढची. साठ झाल्या. साठही वेळा काटा हलला. त्याने पुन्हा पहिलीपासून सुरुवात केली. खाली दुकानात गिऱ्हाइकं येत-जात होती, कापड फाडल्याचा आवाज वर येत होता. दुसऱ्यांदा साठ झाल्यावर त्याने मीटर खाली ठेवला. मग म्हणाला, "असंल... एखादी मागंपुढं झाली असंल माह्याकडून. साहेब म्हणतेत तर असंल."

त्याने मला खोटं ठरवलं असतं, भांडला असता, तर मी काय केलं असतं? माहीत नाही. कदाचित आणखी खोटं बोललो असतो. पण तो भांडला नाही. काट्याने एकशे वीस वेळा जे सांगितलं, ते त्याने माझ्या एका आकड्यासाठी खोटं मानलं.

नोकरी गेली, हे सांगायला नको. आठवडाभरात इतवारीतल्या दुकानदारांत बोललं जाऊ लागलं, की तांडापेठेतल्या त्या पोराला टीव्ही देऊ नका, जाळतो. एका लग्नात हे माझ्यासमोर कोणीतरी सांगितलं. मी जेवत होतो. जेवत राहिलो.

चार वर्षांनी भोजराज मला कामठीच्या बसमध्ये भेटला. पॉवरलूमवर जात होता, रोजीवर. त्यानेच मला बसायला जागा दिली. मुलीची चौकशी केली, कितवीत आहे म्हणून. मग वरच्या खिशातून मळलेला, घडीवर फाटलेला कागद काढला. त्यावर एकीकडे साठ रेघा, दुसरीकडे बहात्तर. म्हणाला, "साहेब, तुम्ही हिशेबाचे. एकदा पाहून सांगाना गा — चुकली कोणती? मले तर अजून सापडून नाही राहिली." मी कागद हातात घेतला. वरून खालपर्यंत पाहिला; एकही रेघ चुकलेली नव्हती. मी म्हणालो, मला यातलं काही कळत नाही. त्याने कागद घडी करून परत ठेवला. त्याच्या बोटांवर लोखंडी मागाचं काळं तेल होतं. मी माझ्या थांब्याच्या एक थांबा आधीच उतरलो.

तो आता कुठे आहे, मला माहीत नाही. शोधलं नाही. सतरा खुणांचा कागद मात्र माझ्याकडे आहे.

त्या सोमवारनंतरच्या शनिवारी मशीनची भरपाई झाली. झिबलजींनी घरचा हातमाग विकला. लाकूड, फणी, सगळं. त्याचे आले नऊशे. भोजराजने मीटर आणि हत्यारं विकली, त्याचे सहाशे. उरलेले सहाशे कुठून आणले ते त्यांनी सांगितलं नाही आणि कोणी विचारलं नाही. रुपये एकवीसशे फक्त, दिले झिबलजींनी, घेतले मधुकररावांनी. मोजायला माझ्याकडे दिले. मी दोनदा मोजले, बरोबर होते. पावती माझ्या अक्षरात आहे.