फॉर्मवर माझा नंबर

माझ्या हातून गेलेला फॉर्म परत येत नाही, असं मी चौदा वर्षं छाती ठोकून सांगत आलो. नाशिक रोडला स्टेशनच्या अलीकडे माझं दुकान आहे. दोन कॉम्प्युटर, एक प्रिंटर आणि लॅमिनेशनचं मशीन. उत्पन्नाचा दाखला, शिष्यवृत्ती, पोलीस भरती, नीट, सगळे फॉर्म इथून जातात. लोक मला नवनाथभाऊ म्हणतात आणि मी सांगेन तिथे सही करतात. असं रोज व्हायला लागलं की माणसाच्या डोक्यात हवा जाते. माझ्याही गेली होती.

माझी एक पद्धत होती. फॉर्मवर मोबाइल नंबर विचारला की मी माझा टाकायचो. गिऱ्हाइकाचा टाकावा तर ओटीपी यायच्या वेळेला फोन नवऱ्याबरोबर कामावर गेलेला, नाहीतर रिचार्ज संपलेला, नाहीतर सहा महिन्यांत सिमच बदललेलं. मग कोण कोणाच्या मागे पळणार? त्यासाठी मी एक जुना फोन वेगळा ठेवला होता, त्याला दुकानात फॉर्मचा फोन म्हणायचे. आमच्या धंद्यात हे बरेच जण करतात. मला तर वाटायचं, मी लोकांवर उपकारच करतोय.

संजना पगारे ही त्या फोनवरची एक. तिचे वडील समाधान पगारे महापालिकेत व्हॉल्व्हमन. रस्त्यातल्या चेंबरमध्ये लांब लोखंडी चावी घालून आमच्या कॉलनीचं पाणी सोडायचं, ते त्यांचं काम. सकाळची फेरी झाली की ते माझ्या दुकानात येऊन अर्धा कप चहा घेतात. "जय भीम, नवनाथभाऊ," म्हणत बाकावर बसतात आणि पेपरातली भरतीची पानं माझ्याकडून वाचून घेतात. वाचता त्यांनाही येतं, पण मी वाचलं की खरं वाटतं, असं ते म्हणायचे.

पोरगी बारीक, अबोल आणि कमालीची चिकट. दाखल्यावरचं स्पेलिंग बोट लावून वाचायची. तिला दातांचीच डॉक्टर व्हायचं होतं. सगळे विचारायचे, एमबीबीएस का नाही? ती उत्तर द्यायची नाही. मला एकदा दिलं. तिची आई लताबाई मिश्री लावून लावून चाळिशीच्या आत पुढच्या दातांना मुकली, हसताना पदर तोंडाला लावते. संजना म्हणाली, "मम्मीला घेऊन गेलो होतो, काका. डॉक्टर पाच सेकंद वाकले आणि म्हणाले, काढून टाकू. दुखतं का, कधीपासून दुखतं, काही विचारलं नाही. मी विचारणार." एवढंच बोलून ती झेरॉक्स घेऊन गेली.

पहिल्या वर्षी नीटमध्ये आपटली. दुसऱ्या वर्षी बरी गेली. सीट लागेल न लागेल, अशा काठावरचे मार्क होते. मग प्रवेशाच्या फेऱ्या सुरू झाल्या. पहिली गेली, दुसरी गेली, तिसरी गेली, नाव नाही. नोव्हेंबरात रिकाम्या राहिलेल्या जागांसाठी शेवटची फेरी निघाली. कॉलेजांची पसंती मीच भरली, ओटीपी माझ्याच फोनवर आला. संजनाने तेव्हा स्मार्टफोन आईच्या कपाटात कुलूप लावून ठेवला होता. अभ्यासात लक्ष लागावं म्हणून तिच्याकडे बटणांचा डबा फोन. नीटची पोरं असं करतात.

त्याच आठवड्यात बायकांना दरमहा पैसे देणाऱ्या सरकारी योजनेच्या केवायसीसाठी बायकांची रांग माझ्या पायरीपासून पार मेडिकलपर्यंत गेली होती. सर्व्हर पडायचा, बायका माझ्यावर चिडायच्या, मी सर्व्हरवर. त्या गर्दीत संजनाचा फोन आला.

"काका, लिस्ट लागली म्हणतात. माझं नाव आहे का?"

"नाही गं. नाही नाव," मी म्हणालो.

"बरं, काका."

संध्याकाळी पगारे तिला घेऊनच दुकानात आले. पुढे काय करायचं ते विचारायला. त्यांचा चेहरा उतरलेला होता आणि उतरलेल्या माणसाची जीभ सुटते. तिच्यासमोरच म्हणाले, "डोकं लागतं त्याला, भाऊ. एवढी पोरं लागतात, हिचंच घोडं कसं अडतं? आपल्याच्यानं होत नाही हे माणसानं ओळखावं." लताबाईंनी घरी हट्ट धरला म्हणून आणखी एक वर्ष मिळालं. पण बजावून. यंदा शेवटचं, नाही झालं तर गपगुमान बीएला नाव घालायचं. मीही मान हलवली, अनुभवी माणसासारखी.

गंगापूर रोडला एका क्लासची रिपीटर बॅच होती आणि शेजारीच अभ्यासिका. रोज सकाळी पोरगी सिटीलिंकच्या बसने जायची, दिवेलागणीला परत. फेब्रुवारीत यंदाचा फॉर्म भरायला आली. मी मोबाइल नंबरच्या रकान्यावर आलो तेव्हा म्हणाली, "काका, नंबर माझा टाका."

मला राग आला. खरंच आला. मी म्हणालो, "ओटीपी यायला वेळ लागला तर मला बोलू नकोस."

"नाही बोलणार," ती म्हणाली. मी तिचा नंबर टाकला आणि दिवसभर फुरंगटून बसलो.

मार्चमध्ये फॉर्मच्या फोनने नवे मेसेज घेणं बंद केलं. जागा भरली होती. दुपारची निवांत वेळ होती, मी जुने मेसेज पुसायला घेतले. ओटीपी, ओटीपी, बँक, लॉटरी, ओटीपी. नोव्हेंबरात आलो आणि अंगठा थांबला. प्रवेशाचा मेसेज होता, केवायसीच्या गर्दीत न उघडलेला. शेवटच्या फेरीत आपणास जागा देण्यात आली आहे, अमुक तारखेच्या आत कॉलेजात हजर व्हावे. खाली अर्ज क्रमांक. त्या फेरीसाठी मी एकाच पोरीची पसंती भरली होती.

मी मेसेज तीनदा वाचला. मग कॉम्प्युटरवर ती जुनी लिस्ट शोधून काढली, तिचा क्रमांक टाकला. नाव आलं. पगारे संजना समाधान. पुढे दंत महाविद्यालयाचं नाव.

माझे कान बंद झाले. समोर रिक्षा जात होत्या, त्यांचा आवाज येईना. आणि मग त्याहून वाईट गोष्ट आठवली. संजनाने फोनवर विचारलं तेव्हा मी लिस्ट उघडलीच नव्हती. तीन फेऱ्यांत नाव नव्हतं, म्हणून चौथ्यातही नसेल असं धरून मी "नाही" म्हणालो होतो. माझ्यासमोर एका बाईचं आधार कार्ड उघडं होतं, फोन लवकर ठेवायचा होता. इतक्यासाठी. नंतर मी इतक्या जणांना सांगितलं की शेवटच्या लिस्टमध्येही पोरीचं नाव नव्हतं, की मलाच वाटायला लागलं होतं मी बघितलंय.

अकरा दिवस मी कोणाला बोललो नाही. पगारे रोज यायचे, अर्धा कप चहा घ्यायचे आणि जाताना म्हणायचे, "यंदा नीट लक्ष ठेवा हं, भाऊ." शेवटी बायकोला सांगितलं. अंजली धुण्याच्या घड्या घालत होती. तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला.

मी म्हणालो, "परीक्षा दीड महिन्यावर आलीये. आत्ता सांगितलं तर पोरीचा अभ्यास मोडेल. परीक्षा झाली की सांगतो."

"तिच्यासाठी गप्प बसलाय का स्वतःसाठी?" अंजलीने विचारलं.

दुसऱ्या दिवशी दुकान बंद ठेवून मी गंगापूर रोडला गेलो. अभ्यासिका दुसऱ्या मजल्यावर. आत आवाज करायचा नाही म्हणून पोरं जिन्यात बसून डबे खात होती. संजना पोळीचा रोल एका हातात आणि वही दुसऱ्या हातात धरून बसली होती. मला बघून तिने आधी विचारलं, "पप्पांना काही झालं का?"

मी नाही म्हणालो. तिला खाली नेलं, पार्किंगमध्ये. वाटेत मी सगळं मनाशी जुळवलं होतं, कुठून सुरुवात करायची, कुठे हात जोडायचे. त्यातलं काहीच आलं नाही. मी म्हणालो, "संजना, नोव्हेंबरात तुझी सीट लागली होती."

तिने रोल डब्यात ठेवला, झाकण लावलं.

"माहितीये," ती म्हणाली.

मी भिंतीला टेकलो.

"डिसेंबरात कळलं. इथल्या एका मैत्रिणीच्या फोनवर लिस्ट बघितली. सोमवारी तारीख संपली होती, मी गुरुवारी बघितली."

"आणि तू बोलली नाहीस? मला नाही, पप्पांना नाही?"

"पप्पांना सांगितलं असतं तर ते तुमच्या दुकानावर आले असते. मग पोलीस, मग कॉलेज, मग मंत्रालय. मम्मीने जेवण सोडलं असतं. घरात रोज तेच चाललं असतं, काका. मी अभ्यास कधी केला असता?" ती हळू बोलत होती, वरच्या पोरांना ऐकू जाऊ नये म्हणून. "नापास झालेल्या पोरीला निदान अभ्यासाला बसू देतात. फक्त टोमणे मारतात. टोमणे ऐकत पाठांतर होतं."

मला रडू आलं. पन्नाशीच्या माणसाने परक्या पोरीसमोर पार्किंगमध्ये रडायचं म्हणजे शोभा, पण आलं. मी हात जोडले, माफ कर म्हणालो.

तिने माझ्याकडे बघितलं. त्या बघण्यात दया नव्हती आणि रागही नव्हता. दमणूक होती.

"माफ नाही केलं मी," ती म्हणाली. "तुम्ही नुसतं बघितलं असतं तरी चाललं असतं. मी पण स्वतः बघायला पाहिजे होतं, ते माझं मला कळतं. पण तुम्ही नाही म्हणालात ना. आता मला त्याचा विचार करायला वेळ नाहीये. पप्पांना तुम्ही सांगायचं. परीक्षा झाल्यावर, आधी नाही. आणि पेपर चांगला जावो का वाईट, सांगायचंच."

मी हो म्हणालो. ती जिना चढून गेली. मी शिव्या खायला गेलो होतो. त्या मिळाल्या असत्या तर हलका होऊन परतलो असतो.

मेमधल्या त्या रविवारी परीक्षा झाली. पेपर कसा गेला ते मी विचारलं नाही, मला तो हक्क उरला नव्हता. सोमवारी सकाळी सहाच्या आत मी कॉलनीच्या कोपऱ्यावर जाऊन उभा राहिलो. पगारे सायकलवरून आले, चेंबरचं झाकण उचललं, चावी आत बसवली.

"लवकर उठलात, भाऊ?"

मी सांगितलं. या वेळी काही जुळवलं नव्हतं. मेसेज, माझा नंबर, न उघडलेली लिस्ट, सगळं उभ्या उभ्या सांगितलं. चावीवर त्यांचे दोन्ही हात होते. ती लोखंडी कांब माझ्या डोक्यात बसेल असं मी धरून चाललो होतो, आणि बसली असती तरी माझी तक्रार नव्हती.

पगारे म्हणाले, "म्हणजे ती पास झाली होती."

"हो."

"पोरगी लागली होती."

"लागली होती, समाधानभाऊ."

"तिला ठाऊक हे?"

"डिसेंबरपासून."

ते चेंबरच्या कडेला बसले. माझ्याकडे बघतच नव्हते. स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "शनिवारी ती हॉल तिकीट पिशवीत घालत होती. मी म्हणालो, जाऊन ये, एवढ्या वेळा आपटलीस, अजून एकदा आपट. ती नुसतं हो म्हणाली. भाऊ, तिला माहीत होतं आणि ती मला हो म्हणाली."

सव्वासहा झाले. एक बाई गॅलरीतून ओरडली की नळाला पाणी का नाही. दुसरी हंडा घेऊन फाटकापर्यंत आली. बावीस वर्षांत त्या माणसाने आमच्या कॉलनीचं पाणी पाच मिनिटं उशिरा सोडलेलं मला आठवत नाही. पगारेंनी तिच्याकडे बघितलं, पण ती काय म्हणते ते त्यांच्यापर्यंत पोचलं नसावं. ते उठले, सायकल घेतली आणि घराकडे निघाले. चावी चेंबरमध्ये तशीच उभी होती. मी ती दोन्ही हातांनी धरून फिरवायला गेलो, पण कोणत्या बाजूला आणि किती, ते मला माहीत नव्हतं.