विधानातलं गृहीतक
ऑफिसात कुणी व्हाइटबोर्डचा मार्कर उघडला की तो उग्र वास मला थेट टेंभी नाक्याजवळच्या स्पर्धा परीक्षेच्या क्लासमध्ये नेतो. त्या दुपारी सर तर्काचे प्रश्न शिकवत होते. विधानात बोललेलं नसतं, पण बोलणाऱ्याने मनात धरलेलं असतं ते गृहीतक, असं त्यांनी समजावलं आणि मला एक प्रश्न घातला. माझं उत्तर चुकलं. सर हसले, "तू इथली मूळची गाववाली ना? तुम्हाला कशाला हवी नोकरी?" अख्खा वर्ग खिदळला. माझी कानशिलं तापली. मी उभी राहिले आणि विचारलं, "सर, आता तुम्ही जे बोललात, त्यात गृहीतक कोणतं?" मग मीच सांगितलं, "गाववाल्या सगळ्यांनी बिल्डरांना जमिनी विकून पैसा केलाय, हे. आमची जमीन कधी नव्हतीच, सर. माझी आजी, माझी आई दुसऱ्याच्या मिठागरात रोजावर मीठ वाहायच्या." "अगं, गंमत केली, बस खाली," म्हणत सरांनी फळा पुसला आणि पुढचा प्रश्न घेतला. माफी नाही, काही नाही. ती परीक्षा मी पास झाले, नोकरीही लागली, पण ते 'गंमत केली' आजही माझ्या डोक्यात जातं.