कोपऱ्यातली सिलिकॉनची रेघ

आजही कुणाच्या बाथरूममध्ये हात धुवायला गेलो की माझी नजर आधी खालच्या कोपऱ्यात जाते. भिंत आणि फरशीच्या सांध्यात सिलिकॉनची रेघ वेडीवाकडी दिसली की माझं डोकंच फिरतं. बायको म्हणते, पाहुणे म्हणून जा, तपासणीला जाऊ नका. तिचं खरं आहे. पण मी ते काम शिकलो तेव्हा माझी इज्जत पणाला लागली होती, त्यामुळे ते अंगात भिनलंय.

बीड जिल्ह्यात ते सलग दुसरं दुष्काळी वर्ष होतं. आमच्या सहकारी साखर कारखान्याला गाळायला ऊसच नव्हता. तरी कॉलनीतल्या क्वार्टरांत माणसं राहत होती. टँकरचं पाणी कॉलनीच्या टाकीत साठायचं आणि आठ दिवसांतून एकदा ते घरोघर सोडायचं काम माझ्याकडे होतं. व्हॉल्व्ह फिरवायची कमरेइतकी उंच लोखंडी चावी माझ्या दाराआड उभी असायची. प्रत्येक लाइनीला पाऊण तास, घड्याळ लावून. माझ्या सख्ख्या साडूने पाच मिनिटं जास्त मागितली, मी दिली नाहीत, तो वर्षभर माझ्याशी बोलला नाही. लई खवट माणूस म्हणायचे मला. पण चोर कुणी म्हणत नव्हतं.

आम्ही वरच्या मजल्यावर राहायचो. खाली एक मावशी एकटीच असायची. तिचा मुलगा आमच्याच कारखान्यात फिटर, पण कारखाना बंद म्हणून कोल्हापूरकडे कामाला गेलेला. एक दिवस कुणी बाई तिच्याकडे हळद मागायला गेली आणि तिच्या मोरीच्या छताला ओल बघून आली. संध्याकाळपर्यंत कॉलनीभर एकच चर्चा. आमच्या माठात घोटभर पाणी नाही आणि चावीवाल्याच्या घरातून पाणी गळतंय! दुसऱ्या दिवशी पाणी कमिटीचा निरोप आला, रविवारच्या बैठकीला चावी घेऊन या. चावी परत देणं म्हणजे चोरी कबूल करणं, हे शेंबड्या पोरालाही कळत होतं.

मी तणतणत खाली गेलो. "मावशी, गळत होतं तर मला सांगायचं. सगळ्या कॉलनीला कशाला सांगितलं?" ती पदराला हात पुसत नुसती उभी राहिली. पदराला हात पुसत नुसती उभी राहिली. मला वाटलं, हिला बोलायला तोंडच नाही. आणखी दोन-चार शब्द सुनावून मी वर आलो.

गळत का होतं ते मला घरात पाऊल टाकल्या टाकल्या कळलं. त्या दिवसांत आमच्याकडे आंघोळ घमेल्यात बसून व्हायची. घमेल्यातलं पाणी कोपऱ्यातल्या टबात ओतायचं, कपडे धुतलेलं पाणीही त्यातच. त्याच पाण्याने फरशी पुसायची आणि उरलेलं संडासात. टब काठोकाठ भरला की थोडं सांडायचं. त्या कोपऱ्यातलं सिमेंट उकललं होतं, पाणी तिथून खाली झिरपायचं. म्हणजे आम्ही पाणी जपत होतो म्हणून गळत होतं. पण हे सांगितलं तर कोण ऐकणार? आधी गळती बंद करायची असं ठरवलं.

बुधवारी फाट्यावरच्या हार्डवेअरच्या दुकानातून सिलिकॉनची नळी आणि बंदूक आणली. कोपरा घासून काढला, टबातल्या पाण्याने स्वच्छ धुतला, सुकू दिला आणि सिलिकॉन भरलं. दिसायला झकास. दुसऱ्या दिवशी नखाने जरा उचकलं तर उकडलेल्या बटाट्याच्या सालीसारखी अख्खी पट्टी हातात आली. मी ती तशीच दुकानदारापुढे आपटली. त्याने एवढंच विचारलं, कोपरा कशाने धुतला? मी सांगितलं आणि तो हसत सुटला. भिंतीवर साबणाचा थर बसला, सिलिकॉन धरणार कशाला? साबणाचं पाणी बोटाला लावायचं असतं, भिंतीला नाही, म्हणाला. दुष्काळात आमच्या घरी चांगल्या पाण्याने कोपरा धुवायचं कुणाच्या डोक्यातही आलं नसतं.

मग मात्र मी पिण्याच्या पाण्यातला एक तांब्या काढला. बायकोने माझ्याकडे असं बघितलं की विचारू नका. ब्लेडने जुनं सगळं खरवडलं, तांब्याभर पाण्याने कोपरा धुतला, कोरड्या फडक्याने पुसला, पंखा आणून लावला. शुक्रवारी सांध्याच्या दोन्ही बाजूंना चिकटपट्टी लावली. नळीचं टोक तिरपं कापलं आणि हात न थांबवता एका दमात रेघ ओढली. मग टबातल्या साबणपाण्यात बोट बुडवून, न दाबता, या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं. सिलिकॉन ओलं असतानाच पट्ट्या सोडवल्या. आंबूस वास घरभर सुटला. रेघ अशी सरळ आली की मी दोनदा उठून बघून आलो. शनिवारी सगळ्यांच्या आंघोळीला सुट्टी दिली.

रविवारी कमिटी आधी मावशीची मोरी बघून आली. छताचं ठिबकणं बंद झालं होतं. मला वाटलं, सुटलो. झालं उलटंच. पकडला गेला म्हणून चोरीचं पाणी बंद केलं, असं एकजण म्हणाला आणि बाकीच्यांनी माना हलवल्या. मी टब, घमेलं, सांधा, सगळं सांगितलं. माझा आवाज चढला आणि चढलेला आवाज चोराचाच वाटतो. शेवटी मी चावी अध्यक्षांच्या पुढ्यात आडवी ठेवली.

तेवढ्यात मावशी आली. तिच्या हातात अर्धी बादली गढूळ पाणी होतं. ती अध्यक्षांपुढे ठेवून म्हणाली, "ह्याच्या घरातून ठिबकलेलं पाणी हाय हे. महिनाभर धरतेय मी. वास घ्या अन् मंग बोला."

अध्यक्षांनी हात बुडवून नाकाशी नेला. साबणाचाच वास. चोरीच्या पाण्यावर पोट भरणारा माणूस अंग धुतलेलं पाणी कशाला साठवील, असं ते सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले आणि चावी उचलून माझ्या हातात दिली. कुणीतरी मावशीला विचारलं, महिनाभर गप्प का बसलात? तिने माझ्याकडे न बघता सांगितलं, "कढीलिंबाला घालत होते. सांगितलं असतं तर ह्यानं बंद केलं नसतं का?"

तिच्या दाराशी तेलाच्या डब्यात लावलेला कढीलिंब मी रोज बघत होतो. सगळ्या कॉलनीत तेवढंच झाड हिरवं होतं. ते कशावर जगतंय हे मला कधी सुचलं नव्हतं. आणि ती अर्धी बादली शेवटची होती. ती कमिटीला दाखवायला म्हणून तिने दोन दिवस झाडाला घातली नव्हती. मी तिला काय काय बोललो होतो ते आठवून मला मान वर करवेना.

सोमवारी सकाळी टबातल्या पाण्याने एक बादली भरून मी खाली उतरलो. माफी मागायची होती. "मावशी, रोज आणून देतो," एवढंच म्हणालो.

तिने बादली घेतली, आधी माझ्याकडे आणि मग जिन्याकडे बघितलं. "आन लेकरा," ती म्हणाली, "पण जिन्यावर सांडू नको. न्हाईतर परत चावी मागतेल."