जहाजाचं कारण सांगणाऱ्याला एक सूप जास्त

जहाज बुडाल्यावर काही दिवसांनी माझा भाचा माझ्याकडे पांढरकवड्याला राहायला आला. तो त्याच जहाजाच्या इंजिनवर कामाला होता, वाचला. त्याचे दोन सोबती वाचले नाहीत. सरकारी चौकशी सुरू होती आणि आठवड्याने त्याला मुंबईत साक्ष द्यायची होती. बहिणीकडे मुकुटबनला भेटायला येणाऱ्यांची रीघ लागली, म्हणून मी त्याला उचलून आणलं. माझं नियोजन चुकलं ते इथेच. आमच्या गल्लीत निम्मी घरं ट्रकवाल्यांची, आणि गाडी का पडली हे प्रत्येकालाच ठाऊक.

पहिल्याच संध्याकाळी शेजारचे काका आले. त्यांनी उभा जन्म कापसाचा ट्रक चालवला.

"माल एका अंगाले सरकला असन," ते बसायच्या आधीच म्हणाले. "कापसाची गाडी अशीच पडते वळणावर."

"काका, समुद्रात वळण कायचं?" मी म्हटलं.

"तेच तर! वळण नाही म्हणून डायव्हरले झोप लागते."

मला यादीशिवाय चैन पडत नाही. आलेलं प्रत्येक कारण मी किराणाच्या वहीत मागच्या पानावर उतरवलं. चौकशीचा निकाल लागला की एकेक खोडायचं, असा बेत. चार दिवसांत नऊ कारणं झाली. सातवं होतं 'इंजिन बंद पडलं', म्हणजे भाच्याचंच काम. त्यापुढे मी एक प्रश्नचिन्ह काढलं होतं.

साखर लिहायला भाच्याने वही उघडली आणि नेमकं तेच पान निघालं.

"मावशी, तू बी?"

मी वही ओढून घेतली.

"मी पाह्यलं ते लय थोडं आहे," तो म्हणाला. "पण आता काकाचा सरकलेला माल बी मले डोळ्यापुढे दिसून राह्यला. साक्षीत तोच सांगून बसलो तं? ते दोघं तं मले खोडाले येणार नाहीत."

मी पान फाडलं. मग कोठीतून निवडायची राहिलेली तूर काढली, ओसरीवर सुपं मांडली आणि नियम केला: भेटायला येणाऱ्याने एक सूपभर तूर निवडायची. जहाजाचं कारण सांगितलं की आणखी एक.

"बाई, मी भेटाले आलो का रोजानं आलो?" काका म्हणाले.

"भेटालेच आले. हात चालू द्या."

त्यांनी अर्धं सूप निवडलं. मग, "पण इंजिन—"

मी दुसरं सूप पुढे सरकवलं.

"अरे बाप्पा! इंजिन नाही, पोरगा जेवला का, हे विचारून राह्यलो!"

भाचा आल्यापासून पहिल्यांदा हसला. शनिवारपर्यंत दोन पोती तूर स्वच्छ झाली, त्यातली दीड पोती एकट्या काकांनी निवडली.

साक्ष झाल्यावर मुंबईहून भाच्याचा फोन आला. "पाह्यलं तेवढंच सांगितलं. बाकीचं, माहीत नाही म्हटलं. दहा मिनिटं लागले, मावशी."

मी पुढे काही विचारलं नाही. काका भिंतीपलीकडे उभेच होते.

"काय म्हणते?"

"दहा मिनिटं लागले म्हणते."

"बस? दहाच?" त्यांनी तोंड उघडलं, माझ्या खुंटीवरच्या सुपाकडे पाहिलं आणि मिटलं.

"बरं," ते म्हणाले. "जेवला का तो?"