बोगद्यापलीकडची कबर

नखले फरशी बसवायचा. सिडनीच्या पूर्वेला, समुद्राकाठच्या श्रीमंतांच्या न्हाणीघरांत त्याचं काम असे आणि घर मात्र पश्चिमेला, मेरीलँड्समध्ये. मधल्या बोगद्यावर टोल होता. रोज जाता-येता तो भरायचा, तर आठवड्यातली एका दिवसाची मजुरी त्यातच जाणार. म्हणून त्याने आणि बायको वदादने जुन्याच रस्त्याने जायचं ठरवलं. सिग्नलवर थांबत थांबत तो घरी पोचे, तेव्हा मुलं झोपलेली असत.

नखले वारला. त्याला पुरायचं होतं समुद्राकाठी, त्याच्या आईशेजारी. शववाहिनी बोगद्याकडे वळली, तशी चालकाशेजारी बसलेली वदाद म्हणाली, "जुन्या रस्त्यानं घ्या. मागच्या गाड्यांत आपलीच माणसं आहेत, सगळ्यांना टोल पडेल."

"आई, तिकडे पाद्री खोळंबलेत," तिच्या पलीकडे बसलेला मुलगा तौफीक म्हणाला. "आणि जो रस्ता वापरतो त्यानं पैसे भरावेत, यात गैर काय?"

"गैर काही नाही रे. ज्यांना परवडतं ते उजेडी घरी येतात, एवढंच."

गाडी बोगद्यात शिरली. वदाद त्यातून पहिल्यांदाच जात होती. तिने जपमाळ काढून प्रार्थना सुरू केली, तोच समोर ऊन दिसलं.

"संपला?" तिने विचारलं.

"संपला की, मावशी," चालक म्हणाला. "आहेच केवढासा."

वदादने मागे वळून शवपेटीकडे पाहिलं.

"तौफीक," ती म्हणाली, "तुझे बाबा तुला रोज जागेपणी भेटले असते रे."