ललिताताईंनी न केलेली सही

ललिताताई कशालाच घाबरत नाहीत असं मी म्हणणार नाही. पालीला घाबरतात. माणसांना मात्र नाही, आणि त्यावरून कंपनीत त्यांच्या माघारी बरंच बोललं जातं. मीही बोलले आहे. म्हणून आता लिहायला बसलेच आहे तर खरं ते लिहिते.

अंबडच्या एमआयडीसीत आमची छोटी कंपनी आहे. द्राक्षबागेवर फवारायचं टॉनिक आम्ही लिटरच्या बाटल्यांत भरतो. मी योगिनी, निफाडची, बीएस्सी करून इथे तपासणीला लागले. ललिताताई दहावी पास, पण सीलिंगच्या मशीनवर त्यांना अकरा वर्षं झाली आहेत. पहिल्या दिवशी मी शहाणपणाने म्हणाले, "बाटली तर मशीनच्या नुसती खालून जाते. सील होते कधी?" त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की माझी डिग्री तिथेच निम्मी झाली.

मग त्यांनी एक झाकण घेतलं आणि आतली चकती नखाने सोलून दाखवली. "वर पुठ्ठा, मध्ये मेण, मग अ‍ॅल्युमिनियमचा पातळ पत्रा आणि खाली प्लॅस्टिकचा पापुद्रा. वरच्या या डब्यात, म्हणजे हेडमध्ये, तांब्याची कॉइल आहे. तिच्यात करंट फिरला की खालचा पत्रा आपोआप तापतो. ना आग, ना कशाचा स्पर्श. पापुद्रा वितळून बाटलीच्या तोंडाला चिकटतो, मेण पुठ्ठ्यात जिरतं. झाकण उघडलं की पुठ्ठा झाकणात राहतो आणि पत्रा बाटलीवर. आणि हो, ती अंगठी आधी काढून ठेव. तीपण तापेल."

पॉवर जास्त झाली तर चकती करपते. बाटल्या नेणारा पट्टा फार जोरात पळाला तर पत्र्याला तापायला वेळच मिळत नाही. पण सगळ्यात फसवं असतं ते हेड आणि झाकण यांच्यातलं अंतर. ते वाढलं की सील वरवर लागतं. दिसायला ठीकठाक, आणि टेम्पोत दोन खड्डे बसले की गळायला सुरुवात. म्हणून ललिताताई रोज सकाळी तीन मिलिमीटरची एक पट्टी त्या फटीत सरकवून बघतात. लेकराच्या कपाळाला हात लावून ताप बघावा इतक्या सवयीने.

खंडेनवमीला आमच्याकडे मशीनची पूजा होते. ललिताताई तेव्हा नसतात. त्या बौद्ध, दरवर्षी दीक्षाभूमीला जातात आणि नवमी ते एकादशी रजा टाकतात. यंदा पूजेच्या वेळी आमचे सुपरवायझर वाल्मीकभाऊ यांनी सीलिंगच्या हेडला झेंडूची माळ घातली. माळ पट्ट्याला घासत होती, म्हणून त्यांनी हेड चांगलं वर घेतलं. दसऱ्याची सुट्टी झाली. एकादशीला सकाळी माळ काढली, हेड अंदाजाने खाली आणलं आणि भाऊंनी स्वतःच मशीन चालवलं. द्राक्षांच्या छाटण्या सुरू होत्या, माल लगेच हवा होता. आम्ही सगळे एकमेकांना सोनं देण्यात आणि फोटो काढण्यात गर्क. दर तासाला पाच बाटल्या उघडून सील बघायचं काम माझं. मी दिवसभरात एकही उघडली नाही. तक्त्यात मात्र बरोबरच्या खुणा करून मोकळी झाले.

द्वादशीला ललिताताई आल्या आणि पट्टी सरकवली. ती सैल गेली.

"हेड कुणी वर ठेवलंय?"

"हारासाठी घेतलं होतं, ताई," मी म्हणाले.

"कमाल आहे," म्हणत त्यांनी ते खाली घेतलं आणि कामाला लागल्या. कालच्या मालाचा विचार त्यांच्याही मनात आला नाही, माझ्या तर नाहीच.

चार दिवसांनी सटाण्याच्या दुकानदाराचा फोन आला. "भाऊ, समदं खोकं वल्लं शे!" एक नाही, एकादशीची सगळीच खोकी ओली झाली होती.

साहेबांनी आम्हाला केबिनमध्ये बोलावलं. कागद टाइप करून तयार होता. 'रजेवर जाण्यापूर्वी मी मशीनचं सेटिंग नीट केलं नाही, ही माझी चूक आहे.' खाली ललिताताईंचं नाव. सही केली की त्या मशीनवरून उठून खोकी बांधायला बसणार, हे सगळ्यांना कळत होतं.

"सेटिंग त्यांचंच होतं, साहेब," वाल्मीकभाऊ म्हणाले. "मी नुसतं बटन दाबलं. मला त्यातलं लय कळत नाय."

"एक सही करा आणि विषय संपवा, ताई," साहेब म्हणाले. "तुमची रजापण दरवर्षी लांबते."

"रजा मी अर्ज देऊन घेते. पुढच्या वर्षीही घेणार." ललिताताईंनी कागदाला हातसुद्धा लावला नाही. "पॉवर माझी, पट्ट्याचा वेग माझा. पण त्या दिवशी हेडची उंची कुणाची होती? चला मशीनकडे."

मी माझ्या तक्त्यांची फाइल छातीशी धरून उभी होते. बोल ना आता, असं मनात म्हणत होते आणि तोंड उघडत नव्हतं. मी घाबरले होते. माझीच मला चीड येत होती.

त्यांनी तीन मिलिमीटरवर पाच बाटल्या सील केल्या. मग हेड पाच मिलिमीटरने वर घेतलं आणि आणखी पाच बाटल्या सील केल्या. गार झाल्यावर झाकणं काढून बाटल्या साहेबांच्या हातात दिल्या. "उलट्या करा आणि दाबा." पहिल्या पाचांतून थेंब आला नाही. सहावी साहेबांच्या बुटावर गळली.

"बरं, झालं," साहेबांनी कागद फाडला. "सोडून द्या आता."

दुसरं कुणी असतं तर तेवढ्यावर घरी गेलं असतं. ललिताताईंनी मशीनचं रजिस्टर काढलं. "कारण लिहिल्याशिवाय कसं सोडू? पुढच्या नवमीला परत हेच होईल."

"पूजेचं लिहू नका हं. भलताच अर्थ निघतो," साहेब म्हणाले.

"पूजा करा, माझी काही हरकत नाही. पण माळेसाठी हेड वर गेलं, हे घडलंय ना? की बौद्ध बाईने लिहिलं म्हणून ते खोटं ठरतं?"

 त्यांनी जे घडलं ते लिहिलं, आणि खाली, 'हेड वर असल्याचं मला द्वादशीला दिसलं. तरी आदल्या दिवशीचा माल थांबवा असं मी सांगितलं नाही. ही माझी चूक.' सही केली आणि रजिस्टर वाल्मीकभाऊंपुढे सरकवलं. "ज्याचं जेवढं, तेवढं त्याने लिहायचं, भाऊ. दुसऱ्याचं मी घेणार नाही आणि माझं कुणाला देणार नाही."

भाऊंनी पेन घेतला. खाली मान घालून त्यांनी 'हेड मी वर घेतलं होतं' एवढी एक ओळ लिहिली. ललिताताई रजिस्टर मिटायला लागल्या. माझ्या खुणांबद्दल त्यांना काहीच माहीत नव्हतं. कुणालाच नव्हतं.

"थांबा, ताई," मी म्हणाले. पेन घेतला आणि लिहिलं, 'एकादशीला मी एकही बाटली उघडून पाहिली नाही. तक्त्यातल्या खुणा खोट्या आहेत.'

त्यांनी ते सावकाश वाचलं. मला वाटलं रागावतील, नाहीतर निदान पाठीवर हात तरी ठेवतील. मी पेन परत द्यायला पुढे केला, तो त्यांनी घेतला नाही.

"सही राहिली," त्या म्हणाल्या.